अरुंधतीची पुतळी

“परटीण!”

माझ्या गळ्यात पुतळ्यांची माळ घालून बघायला माईंनी दोन्ही हात उचलले होते, आणि माझे वडील सतरंजीवरून अर्धे उठून ओरडले, “अगं, परटीण! परटीण सापडली!”

माईंचे हात तिथेच थांबले. माई म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. सांगलीच्या देशिंगकरांकडे लग्न ठरल्यावर आम्ही पहिल्यांदाच जेवायला आलो होतो. पुरणपोळ्या झाल्या होत्या, विडे झाले होते, सगळं कसं दृष्ट लागण्यासारखं चाललं होतं आणि दादांनी भर बैठकीत कुणा परटिणीच्या नावाने आरोळी ठोकली. माझी आई लाजेने लालबुंद झाली. मुकुंद, ज्याच्याशी माझं ठरलं होतं, तो माझ्याकडे बघायला लागला आणि मी जमिनीकडे.

“कोण परटीण?” माईंनी अगदी सावकाश विचारलं.

आमच्या कऱ्हाडच्या घरात हा प्रश्न कुणी विचारला नसता. दादांचं चष्म्याचं दुकान होतं, पण ते पोटापुरतं. जीव सगळा रोमन नाण्यांत. कोणे एके काळी आपली मिरी आणि तलम कापड नेऊन रोमच्या व्यापाऱ्यांनी इकडे सोन्याचांदीची नाणी ओतली. त्यातली कुठे नांगराला लागतात, कुठे सराफाच्या मोडीत येतात, आणि दादांना वास आला की ते गिऱ्हाईक तसंच बसवून एस.टी. पकडत. बरेच बादशहा त्यांनी जमवले होते. एकच हाती लागत नव्हता. पर्टिनॅक्स त्याचं नाव. औट घटकेचा बादशहा. नाणी पाडायलाच त्याला पुरता वेळ मिळाला नव्हता, म्हणून ती दुर्मीळ. एका जाड इंग्रजी पुस्तकात त्याच्या मोहरेचा फोटो होता, आणि तो दादांनी इतक्या वेळा बघितला होता की पुस्तक आपोआप त्याच पानावर उघडे.

आईच्या जिभेला तो पर्टिनॅक्स कधी वळला नाही. ती त्याला परटीण म्हणायची. दादा कुठून परगावाहून आले की पाण्याचा तांब्या देताना विचारायची, “काय, भेटली का तुमची परटीण?” ते खिडकीतून ऐकून शेजारच्या कुलकर्णीकाकूंनी आईला एकदा बाजूला घेतलं होतं. “अगं, इतकी वर्षं एकाच बाईच्या मागे आहेत म्हणजे काही खरं नाही. वेळीच आवर घाल.” आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढे दादासुद्धा परटीणच म्हणायला लागले.

आता हे सगळं माईंना कसं सांगायचं? दादांना तो प्रश्न पडलाच नाही. ते सतरंजी ओलांडून आले, खिशातलं भिंग काढलं आणि म्हणाले, “माई, ही मधली पुतळी जरा बघू?”

मधली पुतळी म्हणजे देशिंगकरांच्या घरचा मान. माळेतल्या बाकीच्या पुतळ्या पातळ, लक्ष्मीचा छाप असलेल्या, चारचौघांच्या घरात असतात तशा. मधली मात्र जाडजूड. थोड्याच वेळापूर्वी माईंनी मला ती हातात घेऊन दाखवली होती. एका बाजूला दाढीवाला म्हातारा, दुसऱ्या बाजूला एक बाई आभाळातल्या ताऱ्याकडे हात करून उभी.

“हे वसिष्ठ,” माई म्हणाल्या होत्या, “आणि ही अरुंधती, आपला तारा दाखवतेय. लग्नात आपण अरुंधती दाखवतो की नाही? ती आमच्या घरात गळ्यातच असते. माझ्या सासूबाईंनी माझ्या गळ्यात घातली, मी सुनेच्या.”

‘सुनेच्या’ म्हणताना त्या जरा अडखळल्या होत्या. ती सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. इंदूवहिनी. मुकुंदच्या थोरल्या भावाची, अच्युतची, बायको. जेवताना पोळीवर तूप वाढणाऱ्या त्याच होत्या, पण माळेचा डबा उघडला तशा त्या कुणी न सांगता उठून आत गेल्या होत्या. स्थळ आणणाऱ्या गृहस्थांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, की थोरला मुलगा लग्नानंतर लगेच काविळीने गेला, सून पांढऱ्या पायाची निघाली म्हणतात, पण कामाला वाघ आहे, तुमच्या मुलीला काडी उचलावी लागणार नाही. त्यांनी ते जमेच्या बाजूला सांगितलं होतं.

दादांनी पुतळी भिंगाखाली धरली. कडी डाकून लावलेली होती, तिच्याखालची अक्षरं त्यांनी ओठ हलवत वाचली. मग पुतळी उलटी केली. माझ्या वडिलांना मी असं कधी बघितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“माई,” ते म्हणाले, “हे वसिष्ठ नव्हेत.”

“अहो, असू दे की,” आई घाईघाईने म्हणाली. “वैजूच्या गळ्याला लांबी पुरते का बघू दे त्यांना.”

“अगं, असू दे काय? हा पर्टिनॅक्स आहे! रोमचा बादशहा. आणि ही अरुंधती नव्हे, त्यांच्याकडची देवी. देवांचं लक्ष आहे तुमच्यावर, असं सांगणारी. हा तारा बघा, किती कोरीव! अप्पासाहेब, तुमच्या घरात काय आहे, कल्पना आहे तुम्हाला?”

अप्पासाहेब म्हणजे माझे सासरे. झोपाळ्यावर बसून पानाला चुना लावत होते. माणूस मुळातच कमी बोलणारा. “रोमचा?” एवढंच ते म्हणाले.

झालं. दादांना तेवढी वाट पुरली. दुकानात एखाद्या म्हातारीला नंबर सांगावा तसं ते समजावून सांगायला लागले. आधीच्या बादशहाचा खून झाला. दरबारातले लोक ह्याच्या दाराशी आले, तर ह्याला वाटलं आपल्यालाही मारायलाच आले. त्यांनी नेऊन गादीवर बसवलं. माणूस सरळ, जुन्या वळणाचा, लाकडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. उधळपट्टी बंद करायला गेला, शिपायांना शिस्त लावायला गेला. आई मला खूण करत होती आणि मी दादांचा शर्ट मागून ओढत होते, पण वीस वर्षं जे सांगायला कुणी ऐकणारं भेटलं नव्हतं ते सगळं आज बाहेर पडत होतं.

“त्याच्याच शिपायांनी राजवाड्यात शिरून त्याला भोसकलं हो! तीन महिनेसुद्धा बसला नाही बिचारा गादीवर.”

“तीन महिने?” माईंनी विचारलं.

“पुरते तीनसुद्धा नाहीत!” दादा आनंदाने म्हणाले.

झोपाळ्याची कडी कुरकुरत होती ती अप्पासाहेबांनी पाय टेकून थांबवली.

“अच्युतलाही लग्नानंतर तिसराच महिना लागला होता,” माई म्हणाल्या.

त्या कुणाला उद्देशून बोलत नव्हत्या. माळ त्यांच्या मांडीवर पडली होती. “इंदू नको म्हणत होती. जड होते, मानेला रुततेय म्हणत होती. मी म्हटलं, घाल, अरुंधती आहे. मी घातली. माझ्या हाताने.” मग त्यांनी एकदम मान वर केली. “इंदू! अगं इंदू, इकडे ये.”

इंदूवहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या आणि सवयीने तिथेच थांबल्या.

“आत ये की! तिथे काय उभी राहतेस?” माईंचा आवाज चिरकला. “अगं, तुझे पाय नव्हते गं वाईट. ह्या मेल्याचं होतं सगळं. तीन महिने म्हणे! मी माझ्या पोराच्या बायकोच्या गळ्यात हे मढं बांधलं आणि इतकी वर्षं तुला बोलत राहिले. देवाशप्पथ, मला काय माहीत गं?”

माई रडायला लागल्या. इंदूवहिनी आत आल्या. त्यांनी माईंच्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी बघितलं नाही, कारण मी दादांकडे बघत होते. दादांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

“पण आई,” मुकुंद म्हणाला. तो इंजिनिअर, त्याला असलं काही पटणं शक्यच नव्हतं. “आई, ऐक तरी. ही माळ तर तुझ्यासुद्धा...”

“मुकुंदराव!”

दादा इतक्या जोरात कधी बोलत नसत. होणाऱ्या जावयाला तर सासरा असं दटावतच नाही. मुकुंद चकित होऊन गप्प बसला.

“राहू द्या,” दादा हळू आवाजात म्हणाले. “माई म्हणतात ते बरोबर आहे. असल्या घातपाताने मेलेल्या राजांची नाणी वाईटच असतात. आम्ही जमवणारे लोक ओळखून असतो.”

मला माझ्या कानांवर विश्वास बसेना. हा माणूस अमावास्येला दुकानाचं उद्घाटन करून लोकांच्या नाकावर टिच्चून बसला होता. दारावर लिंबू-मिरची बांधू द्यायचा नाही. आणि आज जमलेलं लग्न मोडेल म्हणून ह्याने शेपूट घातलं! बापाची एवढी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

माईंनी फडताळातली कात्री आणून माळेचा दोरा कापला. लक्ष्म्या सतरंजीवर घरंगळल्या, त्या कुणी उचलल्या नाहीत. मधली पुतळी त्यांनी दोन बोटांत धरली, तीसुद्धा पदराने, आणि दादांच्या हातावर टाकली.

“घेऊन जा. तुम्हाला हवी होती ना? माझ्या घरात नको आता.”

दादांची मूठ मिटली. एवढी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला, ते असं फुकट, आपणहोऊन, तळहातावर आलं होतं. आईने डोळ्यांनी सांगितलं, ठेवा खिशात आणि चला. त्यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा.

“काका.”

इंदूवहिनींचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. जेवताना त्या फक्त ‘वाढू?’ एवढंच म्हणाल्या होत्या.

“काका, घरी नका नेऊ. तुमच्या घरात काकू आहेत. वैजू आहे. आता तर लग्न आहे तिचं.”

दादा त्यांच्याकडे बघत राहिले. “मग काय करू म्हणतेस?”

“आटवून टाका.” त्यांनी दादांच्या मुठीकडे बघितलं. “माझ्यासमोर.”

“बरोबर आहे,” माई म्हणाल्या. “आटवाच. आत्ताच्या आत्ता. सोनं देवळात देऊन टाकू.”

मला वाटलं, आता तरी दादा बोलतील. निदान म्हणतील, मी पेटीत बंद करून ठेवतो, कुठल्यातरी संग्रहालयाला देऊन टाकतो. अठराशे वर्षं टिकलेली वस्तू! मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला, चपला घातल्या आणि म्हणाले, “चला, इंदूताई.”

सराफाचं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. मुकुंद वाट दाखवायला आला आणि मी कुणी नको म्हणायच्या आत निघाले. इंदूवहिनी पुढे चालत होत्या. भर दुपारी त्या घराबाहेर पडल्या होत्या, समोरून येणाऱ्या बायका वळून बघत होत्या. दुकान लहान. भट्टीजवळ दोघं बसतील एवढीच जागा, म्हणून दादा आणि वहिनी आत गेले आणि मुकुंद आणि मी बाहेरच्या फळीवर टेकलो. आम्हा दोघांना एकान्त मिळाला तो हा असा.

“काकांनी मला का दटावलं?” त्याने विचारलं.

“तुमच्या घरचा मान राखायचा म्हणून.”

“हा कसला मान? मी त्यांचीच पुतळी वाचवत होतो की.”

आतून भात्याचा आवाज येत होता. मध्ये तो थांबला, थोडा वेळ कुणाचं तरी बोलणं चाललेलं ऐकू आलं, मग पुन्हा भाता सुरू झाला.

ते बाहेर आले तेव्हा दादा एकदम थकलेले दिसत होते. इंदूवहिनींनी पदर सारखा केला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि म्हणाल्या, “उसाचा रस प्यायचा का रे मुकुंद? किती वर्षं झाली मला.” आम्ही गुऱ्हाळावर बसलो. त्यांनी रस संपवून, ग्लासाच्या तळाला राहिलेलं लिंबूसुद्धा चोखून खाल्लं. दादांच्या हातातला ग्लास तसाच राहिला.

परतीच्या एस.टी.त आईने दादांना फाडून खाल्लं. आधी सांगायचं कशाला, सांगितलं तर निभवायचं तरी, आणि हातात आलेलं घालवायचं कशाला. दादा खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांच्याशी लग्न होईपर्यंत धड बोलले नाही.

लग्न झालं. मांडवात माईंनी इंदूवहिनींना हाताला धरून माझ्या शेजारी उभं केलं. चार बायका कुजबुजल्या, तेव्हा माईंनीच त्यांना सुनावलं, “तिच्याकडे बोट दाखवायचं काम नाही. काय होतं ते आम्हाला कळलंय.” पुढच्या वर्षी वहिनी शिवण शिकायला जायला लागल्या, मग शिकवायला. जाताना माई त्यांना डबा द्यायच्या. माई गेल्या तेव्हा त्यांचं डोकं वहिनींच्याच मांडीवर होतं. दादांनी मात्र नाण्यांसाठी एस.टी. पकडणं सोडलं. आईने परटिणीचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढे आई गेल्यावर दादा माझ्याकडे सांगलीला राहायला आले. डोळे अधू झाले होते. लोकांना जन्मभर चष्मे लावणारा माणूस, आणि वाफेवरून चहाचा कप ओळखायचा. एका संध्याकाळी इंदूवहिनींनी त्यांच्या हातात कप दिला, कान हाताला लागेल असा वळवून दिला, आणि क्लासला निघून गेल्या. अंगणात त्यांच्या लुनाचा आवाज दूर जाईपर्यंत दादा ऐकत होते.

मी विचारलं, “दादा, हळहळ वाटते का हो कधी?”

“कशाची?”

“पुतळीची.”

“रोज,” ते म्हणाले. “आटवायची वस्तू होती का ती? माझ्या हाताने पाप झालं ते. एका बाईवरचा खोटा आळ काढायला मी एका भल्या माणसावर खोटा आळ घातला.”

मी बघतच राहिले. “म्हणजे तुम्ही माझं लग्न मोडेल म्हणून...”

“तुझं लग्न?” ते हसले. “ते कशाने मोडतंय! अगं, अप्पासाहेब समोर झोपाळ्यावर पान खात बसले होते. ठणठणीत. माईंनी जन्मभर तीच माळ घातली होती. मुकुंदराव तेच म्हणणार होते. तेवढं बोलले असते की माईंचं डोकं ठिकाणावर आलं असतं, पुतळी वाचली असती. पण मग पुतळीचा दोष नाही म्हटल्यावर तो परत कुणाकडे गेला असता? तू माझ्याकडे बघत होतीस. मी इंदूकडे बघत होतो. माई ‘तुझे पाय नव्हते गं वाईट’ म्हणाल्या तेव्हा तिने पहिल्यांदा काय केलं असेल, तर खाली मान घालून आपल्या पायांकडे बघितलं.”

माझा हुंदका त्यांना ऐकू गेला असावा. त्यांनी चाचपडत माझा हात धरला.

“अप्पासाहेबांनाही कळलं होतं,” ते म्हणाले. “तेही गप्प बसले. आणि खिशात घालून घरी नेली असती, पुढे कुणाला कौतुकाने दाखवली असती, तर कधी ना कधी माईंच्या कानावर गेलंच असतं, की मी असलं काही मानत नाही.”

“आणि इंदूवहिनींना? त्यांना खरंच वाटलं होतं का हो, की पुतळीमुळेच झालं सगळं?”

दादांनी कप खाली ठेवला, त्याआधी हाताने टेबलाची कड शोधली.

“मूस तापली होती. सराफाने चिमट्यात पुतळी धरली. मी मान फिरवली. तर ती म्हणाली, ‘काका, थांबा. ह्याला बायको होती का हो?’ होती, म्हटलं. ‘हा मेला, मग तिचं काय झालं?’ मला सांगता येईना गं. त्याच्या दाढीचे केस किती ते मी सांगितलं असतं, पण तिचं पुढे काय झालं हे मी कुठल्या पुस्तकात शोधलंही नव्हतं. नंतर शोधलं. मला नाही सापडलं. तेव्हा नुसतं माहीत नाही म्हणालो.”

“मग?”

“ती म्हणाली, ‘तिलाही पांढऱ्या पायाचीच म्हणाले असतील.’ भाता थांबवून सराफ आमच्याकडे बघत होता. तिने पुतळी त्याच्याकडून मागून घेतली, ती ताऱ्याकडे हात केलेली बाजू वर करून नीट बघितली आणि परत चिमट्यात ठेवली.” दादांनी हाताने पुन्हा कप चाचपला. “आणि तिनेच त्याला सांगितलं, ‘टाका.’”